क्लाऊनफिश अचानक सगळ्यांच्या अंगावर जायला लागलाय (खाऱ्या पाण्याची टाकी, सांगली)

विश्रामबागची_वहिनी | ९ एप्रिल, रात्री ११:१२

नमस्कार. इथे गोड्या पाण्याच्या टाक्यांवर ढीगभर धागे आहेत, खाऱ्यावर फारसं काही सापडलं नाही, म्हणून नवीन काढतेय.

टाकी चार बाय दीड बाय दीड फूट. दगडांची जागा वगळून पाणी साधारण २२० लिटर. अडीच वर्षं चालू आहे. हौस नवऱ्याची, पण तो सोमवार ते शुक्रवार पुण्यात, त्यामुळे हमाली माझी. आत एक जुना क्लाऊन, पिवळ्या शेपटीची एक निळी डॅमसेल, एक बांगाई कार्डिनल, एक लॉनमोअर ब्लेनी आणि दोन क्लीनर कोळंब्या. तीन आठवड्यांपूर्वी अजून एक छोटा क्लाऊन आणून सोडलाय.

त्रास देतोय तो जुना क्लाऊन. दोन वर्षं अगदी गरीब गाय होता. आता आठ-दहा दिवस झाले, जो दिसेल त्याच्या अंगावर जातो. कार्डिनल डाव्या कोपऱ्यात हीटरच्या मागे पाण्याच्या अगदी वर तरंगत उभा असतो, शेपटीला चीर गेलीय, तीन दिवस काही खाल्लं नाही. डॅमसेल, जी आमच्याकडे दादा म्हणून ओळखली जायची, ती दगडाच्या भोकातून बाहेर येत नाही. काल मी काच पुसत होते तर हा गोळीसारखा आला आणि अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातड्याला चावला. रक्त वगैरे नाही, पण मी एवढी दचकले की स्पंज आतच सोडून दिला.

दुसरी काळजी छोट्या क्लाऊनची. मधेच एका अंगावर कलतो आणि ताप आल्यासारखा थडथड थरथरतो. जिथून आणला त्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, औषध टाका, आजार असेल. नवरा म्हणतो, मोठ्याला कुणाला तरी देऊन टाकू. मला तसं करायचं नाहीये.

काय करू?

---

टिल्लू_तासगाव | ९ एप्रिल, रात्री ११:४०

वहिनी, माझा फ्लॉवरहॉर्न पण असाच करत होता. चमचाभर खडे मीठ टाका, दोन दिवसात गार होतो.

---

विश्रामबागची_वहिनी | ९ एप्रिल, रात्री ११:४४

भावजी, आत आधीच पावणेआठ किलो मीठ आहे 😄

---

खारट_मिरजकर | १० एप्रिल, सकाळी ७:०५

औषधाची बाटली आधी कपाटात ठेवून कुलूप लावा. खाऱ्या माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. तांब्याने कोळंब्या मरतात, आणि ते दगडात मुरून बसतं, नंतर पाणी बदलूनही लवकर सुटत नाही. औषध द्यायचंच असेल तर वेगळ्या टाकीत. इथे तर आजार आहे हेही ठरलेलं नाही.

मासा भांडायला लागला की मी आधी पाणी बघतो. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, तापमान आणि ग्रॅव्हिटी (म्हणजे पाण्याचा खारटपणा) एवढं लिहा. आणि गेल्या महिन्याभरात टाकीत काय काय बदललं ते सगळं आठवून सांगा. दगड हलवला, लाईट बदलली, कुणी मेलं, कुणी आलं, खाण्याची वेळ बदलली. तुम्हाला क्षुल्लक वाटेल ते आधी लिहा.

---

विश्रामबागची_वहिनी | १० एप्रिल, दुपारी २:३०

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २० च्या आसपास (रंगपट्टी बघून, माझे डोळे आणि ट्यूबलाईट दोन्ही जुने). तापमान दुपारी २९. फॅन लावलाय पाण्यावर. ग्रॅव्हिटी १.०२८ आली, हे बघून मलाच धक्का बसला.

बदल: छोटा क्लाऊन आला. पाडव्याच्या आधी मोठी साफसफाई केली, दगड काढून घासले, परत रचले. मातीची कुंडी होती (नर्सरीतली साधी लाल, न रंगवलेली, निम्मी तोडून आडवी ठेवलेली, जुना क्लाऊन तिच्यातच राहतो) ती उजव्या कोपऱ्यातून मधे आणली. सासूबाई समोर खुर्ची टाकून बसतात, त्यांना नीट दिसावं म्हणून. बस एवढंच.

---

खारट_मिरजकर | १० एप्रिल, दुपारी ३:१०

ग्रॅव्हिटी मोजायला काटा हलतो ती प्लास्टिकची डबी वापरता ना? काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. डबी भरा, टिचकी मारून बुडबुडे उडवा, मग वाचा. दोन-तीनदा करा.

तरी थोडी वाढलेली असणार. आपल्याकडे एप्रिलात दुपारी ३८-३९ अंश, वरून फॅन. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. जेवढं उडालं तेवढं साधं आर.ओ. पाणी रोज भरायचं, खारं नाही. फॅन बंद करू नका. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशांची चिडचिड वाढते. पण २९ अंशांनी गरीब गायीचा वाघ होत नाही. कारण दुसरं आहे.

---

विश्रामबागची_वहिनी | १० एप्रिल, दुपारी ४:००

टिचक्या मारून १.०२६ आली. तुमचे पाय कुठे आहेत मिरजकर काका.

---

जीवशास्त्र_शिकवते | १० एप्रिल, संध्याकाळी ६:२०

वहिनी, एक विचारते. तुम्ही “जुना क्लाऊन” म्हणताय. आधी दोन होते का?

आणि कार्डिनल खात नाही म्हणता, त्याचा खालचा जबडा फुगलेला दिसतो का? बांगाई कार्डिनलमध्ये नर अंडी तोंडात धरून बसतो, तेव्हा तो खात नाही. लोक उगाच घाबरतात.

---

विश्रामबागची_वहिनी | १० एप्रिल, संध्याकाळी ७:०२

कार्डिनल एकटाच आहे हो, बायको आणणार कुठून. जबडा नॉर्मल.

हो, क्लाऊन दोन होते. मोठी होती ती डिसेंबरात गेली. रात्री लाईट गेली, मी झाकण अर्धं उघडून बॅटरीवरचा पंप लावला आणि तसंच उघडं राहिलं. सकाळी शोकेसखाली सापडली, वाळलेली. त्यावर मी दोन दिवस जेवले नव्हते, म्हणून वर लिहिलं नाही.

---

जीवशास्त्र_शिकवते | १० एप्रिल, रात्री ९:१५

मग तुमचा “तो” आता “तो” राहिलेला नाही.

क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. एका जागेवर जो गट राहतो त्यातला सगळ्यात मोठा मासा तेवढा मादी होतो, दुसऱ्या नंबरचा तिचा नर, बाकीचे लहान तसेच बिनलग्नाचे. मादीच घर सांभाळते, बाहेरच्याला हाकलते, आणि नराला पण धाकात ठेवते. ती मेली की दुसऱ्या नंबरचा नर तिची जागा घेतो, मादी होतो. एकदा मादी झाली की परत फिरता येत नाही. स्वभाव आधी बदलतो, आतलं शरीर मागाहून, त्याला महिने लागतात. वाढ पण झपाट्याने होते, कारण वरचा मोठा मासा असेपर्यंत खालचा स्वतःला लहानच ठेवतो. तुमचा डिसेंबरपासून वाढलाय का बघा.

घरजावई होता, सासू गेली, आता घरजावईच सासू झालाय. आणि नेमका त्याच वेळी तुम्ही नवा जावई आणून सोडलात.

---

शंभरफुटी_रोड | १० एप्रिल, रात्री ९:२१

हे खरं आहे का? की व्हॉट्सअॅप?

---

जीवशास्त्र_शिकवते | १० एप्रिल, रात्री ९:३०

खरं आहे. बारावीला उभयलिंगी प्राणी शिकवताना गांडूळ आणि जळू सांगून होते, मग मुलं पेंगायला लागली की मी हे सांगते. वर्ग जागा होतो.

---

विश्रामबागची_वहिनी | १० एप्रिल, रात्री १०:४५

जुने फोटो काढून ताडून बघितले. डिसेंबरात कुंडीच्या तोंडाच्या निम्म्यात मावत होता. आता कुंडीतून अर्धी शेपटी बाहेर असते. मी रोज समोर उभी राहून खायला घालते आणि मला दिसलं नाही.

सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “आणि तो बारका थरथरत नाही गं, पाया पडतोय. ही समोर आली की तेवढ्यापुरता पडतो. ही गेली की चांगला हिंडतो.” त्या दिवसभर समोर बसतात, मी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं.

---

जीवशास्त्र_शिकवते | १० एप्रिल, रात्री १०:५८

आजींना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर. लहान क्लाऊन एका अंगावर कलून थरथरतो ते “तू मोठी, मी भांडत नाही” असं सांगणं आहे. आजारी मासा कुणी समोर असो-नसो थरथरेल, दगडाला अंग घासेल, खाणं सोडेल. छोटा खातोय ना? मग त्या दोघांचं जमतंय. आता काळजी फक्त कार्डिनलची.

---

गावभागातला | ११ एप्रिल, सकाळी ८:४०

२०१९ च्या पुरातलं आठवलं. आमच्या गावभागात पाणी चढायला लागल्यावर टाकीतले मासे एका बादलीत भरून वरच्या मजल्यावर नेले. मरून रंगाचा क्लाऊन, दोन डॅमसेल, एक सेलफिन टँग. यातला प्रत्येकजण दुसऱ्याचा जानी दुश्मन. लाईट नाही, बॅटरीवरच्या पंपाचे सेल जपून वापरत होतो, रोज थोडं पाणी बदलायचं, मीठ घोळायला वरच्या टाकीतलं पाणी. पाच दिवस एका बादलीत चौघं, आणि एकाने दुसऱ्याला चोच लावली नाही. मला वाटलं, संकटात शहाणे झाले.

पाणी उतरल्यावर टाकी धुऊन, परत रचून सोडले, आणि पहिल्या तासात टँगने शेपटीजवळच्या पात्याने डॅमसेलला फाडलं. बादलीत कुणाचंच घर नव्हतं म्हणून भांडण नव्हतं. नवीन रचलेल्या टाकीत सगळेच कब्जा घ्यायला धावले. वहिनींनी पाडव्याला दगड हलवले म्हणतात ना, तिथेच बघा.

---

खारट_मिरजकर | ११ एप्रिल, सकाळी ९:३०

गावभागवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. मी कालपासून त्या कुंडीवर अडकलोय.

समुद्रात क्लाऊन समुद्रफुलाला (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) धरून राहतो. आपल्याकडे फूल नाही, म्हणून तुमच्या क्लाऊनने कुंडीला फूल मानलंय. तिच्या भोवती हातभर, दीड हात असं वर्तुळ तो राखतो. कुंडी उजव्या कोपऱ्यात होती तेव्हा निम्मं वर्तुळ काचेच्या बाहेर जात होतं, डावीकडची अर्धी टाकी इतरांना मोकळी होती. कुंडी मधे आणलीत, मधून दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. आता पूर्ण टाकी तिचं अंगण झाली. कार्डिनल हीटरमागे वर का उभा आहे? कुंडीपासून सगळ्यात लांब तीच जागा आहे. टेप लावून बघा.

म्हणजे मासा सासू झाला ते डिसेंबरपासून हळूहळू, पण मारामारी पाडव्यापासून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

टिल्लू_तासगाव | ११ एप्रिल, सकाळी ९:५०

आरसा लावून बघा काचेला बाहेरून. आमच्या फ्लॉवरहॉर्नला लावतो, त्याच्याशीच भांडत बसतो, बाकीच्यांना सोडतो.

---

विश्रामबागची_वहिनी | ११ एप्रिल, दुपारी १२:१५

लावला, नवऱ्याचा दाढीचा. पाच मिनिटं पंख ताठ करून उभी राहिली, मग काचेवर धडका मारायला लागली. तोंड फुटेल म्हणून काढला. कार्डिनल तेवढ्यात येऊन दोन दाणे खाऊन गेला, हे मात्र खरं.

---

खारट_मिरजकर | ११ एप्रिल, दुपारी १२:४०

नवीन मासा सोडताना तासभर लक्ष वळवायला आरसा चालतो, रोजचा नको.

---

कोकणातून_सांगलीत | ११ एप्रिल, दुपारी १:१०

थोडं अवांतर. तुम्ही लोक मीठ विकत घेऊन पाणी का बनवता? दर महिन्याला रत्नागिरीला जाणं असतं, समुद्राचं दोन कॅन घेऊन आलो तर?

---

खारट_मिरजकर | ११ एप्रिल, दुपारी १:२५

मी केलंय. किनाऱ्याचं पाणी नको, बंदराजवळचं तर अजिबात नको, डिझेलचा तवंग असतो. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरलेला असतो. आणि आंबा घाटात कॅन सांडला तर गाडी गंजते ते वेगळं. बायकोने बंद करायला लावलं.

---

नवा_शौकीन | ११ एप्रिल, दुपारी २:००

वहिनी, जिवंत प्रवाळाचे दगड टाकले तर मासे शांत राहतात असं ऐकलंय. एकजण कुरिअरने पाठवतो, नंबर देऊ का?

---

जीवशास्त्र_शिकवते | ११ एप्रिल, दुपारी २:२०

नंबर नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत असो की सांगाडा, विकत घेणं गुन्हा. सिरॅमिकचे दगड मिळतात, पाणी साफ ठेवणाऱ्या जिवाणूंना तेवढंच घर देतात. मासे पण समुद्रातून धरलेले घेण्यापेक्षा टाकीत वाढलेले घ्या. तमिळनाडूतल्या मंडपमच्या सरकारी समुद्री मत्स्य संशोधन केंद्राने क्लाऊनची पैदास बसवलेली आहे, तशी पिल्लं आता बाजारात असतात.

---

मुक्तछंद | ११ एप्रिल, दुपारी ३:४५

मुळात माशांना कोंडायचंच कशाला? तुम्हाला कुणी चार फुटांत ठेवलं तर तुम्हीही चावाल.

---

विश्रामबागची_वहिनी | ११ एप्रिल, दुपारी ४:०५

माझा फ्लॅट वन बीएचके आहे आणि सासूबाई नि मी दिवसभर त्यातच असतो. अजून चावलो नाही. पण तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, हे पहिली मेली तेव्हापासून मनात आहे. असलेल्यांचं तर नीट करू दे.

आता सांगा, नक्की काय करू? कुंडी कोपऱ्यात परत नेते. अजून?

---

जीवशास्त्र_शिकवते | ११ एप्रिल, दुपारी ४:३०

छोट्याला जाळीत ठेवा, म्हणजे दोघं एकमेकांना बघत सवयीचे होतील, मार बसणार नाही.

---

खारट_मिरजकर | ११ एप्रिल, दुपारी ४:५०

बाई, मला पटत नाही. छोटा तर पाया पडून मोकळा होतोय, त्याला कशाला शिक्षा. मार खातोय कार्डिनल. मोठीला आत घाला, पाच-सहा दिवस. तेवढ्यात टाकी तिच्याशिवाय बसते, कार्डिनल आणि डॅमसेल आपापल्या जागा पकडतात. बाहेर आली की तिला वाटतं आपणच नवीन आलो. बाहेर काढून दुसऱ्या टाकीत नको, याच पाण्यात जाळीत.

---

जीवशास्त्र_शिकवते | ११ एप्रिल, संध्याकाळी ५:१०

मान्य. कार्डिनलचा विचार मी मागे टाकला होता.

---

विश्रामबागची_वहिनी | ११ एप्रिल, संध्याकाळी ५:२५

जाळीचा डबा म्हणजे कसला? आणि तिला पकडायचं कसं? नेट घातली की ती दगडात, मी ओली.

---

खारट_मिरजकर | ११ एप्रिल, संध्याकाळी ५:४०

तांदूळ धुवायची प्लास्टिकची नवीन रोवळी घ्या, साबण लागलेली नको. दोन एकसारख्या घेऊन तोंडाला तोंड लावून दोऱ्याने बांधा, पाण्यात लटकवा.

पकडायला नेट नकोच. लाईट बंद करून तासभर थांबा. ती कुंडीत झोपलेली असेल. कुंडीच उचला, तोंडावर हात धरून.

---

विश्रामबागची_वहिनी | १२ एप्रिल, रात्री १२:२०

झालं! मोबाईलची बॅटरी सासूबाईंनी धरली. कुंडीच्या आत तिरकी पडून झोपली होती, फक्त कल्ले हलत होते. पाण्याखालीच तोंडावर पंजा ठेवला आणि कुंडी रोवळीत उलटी केली. मधेच जागी झाली, तळहाताला धडका मारत होती, छोटी हातोडी मारल्यासारख्या. कुंडी उजव्या कोपऱ्यात. मधे दोन सिरॅमिकचे दगड उभे केले, म्हणजे एका टोकाहून दुसरं टोक सरळ दिसणार नाही. नवरा सकाळच्या गाडीने येतोय, त्याला बघून चक्कर येईल.

---

खारट_मिरजकर | १२ एप्रिल, सकाळी ७:१५

दगड उभे केलेत ते उत्तम. दिसला नाही की पाठलाग अर्धा सुटतो. खाणं आता दोन जागी टाका, आधी तिच्या बाजूला, ती गुंतली की डावीकडे.

---

विश्रामबागची_वहिनी | १४ एप्रिल, रात्री १०:००

काल कार्डिनल हीटरमागून बाहेर आला. आज कोळंबीचे तुकडे खाल्ले, चार. शेपटीची चीर तशीच आहे पण कड पांढरी नाही, सडत नाहीये. डॅमसेल दादागिरीला परत लागलीय. छोटा क्लाऊन दिवसभर रोवळीला चिकटून असतो, बाहेरून. कैदेतल्या सासूला भेटायला आल्यासारखा.

---

शंभरफुटी_रोड | १४ एप्रिल, रात्री १०:१२

डबा घेऊन येतो का 😂

---

विश्रामबागची_वहिनी | १७ एप्रिल, रात्री ९:५०

आज संध्याकाळी दिवे मंद करून सोडली. सरळ टाकीच्या मधे गेली. कुंडी नाही. जिथे कुंडी होती तिथल्या वाळूवर दहा मिनिटं घिरट्या घालत राहिली, खाली तोंड लावून बघायची, वर यायची, परत खाली. मला पोटात कसंतरी झालं. सासूबाई म्हणाल्या, “थांब, सापडेल.” छोटाच आधी उजवीकडे गेला, ती त्याच्यामागे, आणि कुंडी दिसल्यावर एकदम आत शिरली.

कार्डिनल समोरून गेला, तिने मान वळवली, उभी राहिली, आली नाही.

---

गावभागातला | १७ एप्रिल, रात्री १०:०५

आठवडाभर लक्ष ठेवा. एकदा आमच्याकडे चौथ्या दिवशी उलटलं होतं.

---

विश्रामबागची_वहिनी | २० एप्रिल, दुपारी १:३०

तिसरा दिवस. कार्डिनल डाव्या दगडासमोर मधल्या उंचीवर उभा असतो, पूर्वीसारखा. दगडाच्या पलीकडे गेला तर ती धावते, पण वीतभर येऊन परत फिरते. बारक्याला दिवसातून पाच-सहा वेळा पाया पडावं लागतं, पण रात्री दोघं एकाच कुंडीत, ती आत, हा दारात. हाताला अजून चावते. मी आता तिच्या बाजूची काच लांब चिमट्यात स्पंज धरून पुसते.

काल शनिवार. नवऱ्याने आल्या आल्या वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) साफ करायला घेतला. तो उजव्या कोपऱ्यात आहे, कुंडीच्या बरोबर वर. बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात आत घातला. मी स्वयंपाकघरात होते, मला दिसत होतं. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

आम्ही दोघी काही बोललो नाही.